रेषेच्या खालचा अंदाज

महाड,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय परवीन,

सुट्टी संपवून पनवेलच्या कॉन्व्हेंटात परत जाताना आपण एसटीच्या मागच्या बाकावर बसायचो आणि तुझ्या अम्मीने हॉस्टेलसाठी दिलेली सांदणं वडखळ यायच्या आत संपवायचो. मग सिस्टरसमोर रिकामा डबा धरून तू म्हणायचीस, "आंबली होती सिस्टर, टाकून दिली." सिस्टर तुझ्या हनुवटीवरचा खोबऱ्याचा कीस बघत राहायच्या. आज भांडी पुसताना हे आठवलं आणि एकटीच हसले.

तुम्ही सगळे बरे असाल. इस्माईलभाईंचा खोकला गेला का? माझे गुडघे आहेत तसेच.

शनिवारी तुझी आफिया वीर स्टेशनला उतरून रिक्षाने आधी माझ्याकडे आली, मग तुमच्याकडे, हे तुला कळलंच असेल. मुलगी काय झाली आहे गं! मी तीस वर्षं हवामानाच्या कचेरीत जहाजांसाठी अंदाज लिहिले. भर समुद्राचे भाग पाडून अंदाजासाठी एकेका देशाला दिलेले असतात, त्यांच्यामधल्या रेषा मी रोज नकाशावर पाहत आले. त्या हलवता येतात हे माझ्या मनातही कधी आलं नाही. आफिया चार वर्षं अशी एक रेषा हलवायच्याच मागे आहे. इतक्या देशांच्या कचेऱ्या, प्रत्येकीचं उत्तर "विचार चालू आहे", आणि ही पुन्हा नव्याने पत्र लिहिते. न चिडता.

माझ्या जेवणाच्या टेबलावर तिने नकाशा पसरला, कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. "खाला, हा बघा जहाजांचा रस्ता. रेषेला इतका चिकटून जातो की एकाच फेरीत तीनदा हद्द ओलांडतो. वरचा अंदाज आपला, खालचा दुसऱ्यांचा. रेषा थोडी खाली सरकली की सगळा रस्ता एकाच अंदाजात येईल."

बयाबाई पोळ्या लाटत ऐकत होती. म्हणाली, "म्हंजे महाडच्या ष्टँडवर सांगायचं रस्ता चांगला हाय, नि कशेडीत दरड पडलेली सांगायची नाय. का, तर घाट पोलादपुरात. असंच ना गो?"

आफिया टाळी वाजवून म्हणाली, "बयाबाई, तुम्हीच चला गुरुवारच्या बैठकीला!"

"मी आले तर पोळ्या कोण लाटंल, तुजा बापूस?"

किती हसलो आम्ही. मग आफिया म्हणाली की एक देश अडून बसला आहे. रेषेमुळे आजवर कोणाचं काही बिघडलं नाही, मग हलवायची कशाला, असं त्यांचं म्हणणं. "मला एक खरं उदाहरण हवंय, खाला. दोन्ही अंदाज कागदावर आहेत आणि जहाज त्यांच्यामध्ये सापडलं, असं. तुमच्याजवळ आहे काही?"

मी म्हटलं, "बघते."

बघायची काही गरज नव्हती परवीन. कचेरीच्या फाईलमधून काढून आणलेले ते दोन कागद अठ्ठावीस वर्षं माझ्या कपाटात आहेत.

सत्त्याण्णवचा नोव्हेंबर. इस्माईलभाईंचं जहाज कोचीनला लागलं होतं. त्यांच्या जागी बदली माणूस मिळत होता. उतरून घरी यायचं की मोंबासाची आणखी एक फेरी करायची, हे त्यांनी तुझ्यावर सोडलं. तू पोलादपूरच्या बूथवरून मला कचेरीत फोन केलास, "विनी, दर्या कसा आहे गो?" मी समोरचा कागद वाचला. वारा मध्यम, समुद्र साधारण. वर स्वतःचं शहाणपण जोडलं, "जाऊ दे त्यांना, काही होत नाही."

तो कागद फक्त आमच्या भागाचा होता. रेषेच्या खालचा अंदाज दुसऱ्या देशाकडून यायचा आणि शेजारच्या टेबलावर पडायचा. आपला भाग आपण बघायचा, दुसऱ्याच्या अंदाजाला हात लावायचा नाही, अशी आमच्यात सवयच होती. ते टेबल चार पावलांवर होतं. मी उठले नाही. त्या कागदावर वादळाचा इशारा होता. दुसऱ्या सकाळी फाईलला लावताना मी तो वाचला, तेव्हा जहाज निघून गेलं होतं. पुढे जहाजालाही इशारा मिळालाच असणार. पण निघालेल्या माणसाला घरी कोण आणणार?

पाचव्या दिवशी त्या वादळात दोराने इस्माईलभाईंच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली.

दवाखान्याच्या जिन्यात तू मला म्हणालीस, "मीच धाडलं गो त्यांना." मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. नंतरही तू ते कितीदा म्हणालीस. दर वेळी मी म्हटलं, "समुद्राचं कोणी सांगावं?" मला सांगता आलं असतं. माझं तेवढंच तर काम होतं.

निवृत्त होऊन महाडला आले त्याला आठ वर्षं झाली. तुमचं पोलादपूर इथून अर्ध्या तासावर. मी दोनदा आले. गुडघे तर आत्ता कुठे दुखायला लागलेत.

आणि आफिया सगळ्यांना सांगते की विनीखालाला बघून मी हवामानात गेले. बापाचा हात बघत वाढलेली मुलगी कोणाला दोष न देता ती रेषाच हलवायला निघाली आहे. त्या नकाशापाशी तिच्यासमोर बसून मला फार लहान वाटलं, आणि खरं सांगू, फार अभिमानही वाटला. कागद मी तिला त्याच दिवशी देऊ शकले असते. पण त्यांवर तारीख आहे. तारीख बघताच ती सगळं ओळखेल, आणि तिच्याआधी तुला कळायला हवं होतं.

फोनवर हे जमलं नसतं. बयाबाई उद्या सकाळी लेकीकडे पोलादपूरला येते आहे, तिच्याबरोबर हे पाठवते.

खाकी पाकिटात ते दोन कागद आहेत. ते आफियाला दे, बुधवारी संध्याकाळी ती मुंबईला निघायच्या आत. बैठकीत माझं नाव घ्यायला माझी हरकत नाही, हेही तिला सांग. हे पत्र इस्माईलभाईंना वाचून दाखव. तू स्वतः, मुलीच्या तोंडून नको. त्यांनी मला काय म्हणायचं ते म्हणू देत.

आणि त्यांना धाडल्याचा दोष, जो तू इतकी वर्षं स्वतःजवळ ठेवलास, तो मला दे. तो कधीच तुझा नव्हता.

तुझीच म्हणवून घ्यावी की नाही, हे आता तू ठरव,
विनीता