आईच्या पायाला मीठ

रविवार, संध्याकाळ

आत्ताच रोह्याहून पेणला परतलो. कंपनीत मिळालेल्या स्पाच्या कूपनवर आईला घेऊन गेले होते. कुंडलिकेकाठचं ते हॉटेल, काय थाट! पाय धुवायच्या पाण्यालासुद्धा वाळ्याचा वास. मी तर दबकतच चालत होते.

मग तिथल्या मुलीने पाय चोळायला परातभर मीठ आणलं आणि आई झटकन उभीच राहिली. झालं, आता लाज आणणार, असं वाटलं मला. का वाटावं?

"आधी तेल लाव गो. नायतर झोंबल."

मिठागरात कामाला उतरण्याआधी आई रोज पायांना खोबरेल चोळायची, तेच डोक्यात. मुलगी म्हणाली, "तेलातच भिजवलंय, मावशी." आईने चिमूट उचलून बोटांत चोळली, मान डोलावली. मग परातीला हात लावून नमस्कार केला, आगरात पाय टाकण्याआधी करायची तसाच, आणि मगच पाय मिठात ठेवले. मुलगी तोवर थांबली होती.

तिने आईची टाच मांडीवर घेतली. तीस वर्षं मिठाने खाल्लेली टाच. "माझ्या आज्जीचे पाय असेच होते," एवढंच म्हणाली. आई थोड्या वेळात घोरायला लागली.

मी बघतच राहिले. दर दिवाळीला ह्या पायांना नमस्कार करते मी. पण बोटांना बोटं लावून उठते. ह्या पायांचे तळवे मी आज पहिल्यांदा पाहिले.