हिरवं कार्ड

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. लिहीत नाही, मोबाईलला सांगतो, तो टाइप करतो. मोठी माणसं तरी कुठे स्वतःच्या हातानं लिहितात? परत वाचायचीही गरज नाही. आत काय आहे ते मला माहीतच आहे.
संकल्प: एक, रोज नोंद. दोन, महिन्याभरात वाचन सुधारायचं. तसं मला वाचता येतं. अक्षरं जागेवर उभी राहिली की येतं. राहत नाहीत, हा त्यांचा दोष.

८ मार्च, शनिवार
चार दिवस नोंद राहिली. लाँड्रीत मरणाचं काम. गावभरच्या हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी माझ्या रोलरखालून इस्त्री होऊन निघतात. चौदा वर्षांत एक चादर जळलेली नाही. एक जळली, पण ती आधीच विरलेली होती.
मॅनेजरनं नोटीस वाचायला दिली. चष्मा घरी राहिला म्हणालो. होता खिशातच. त्याला नंबर नाही, पण वरच्या खिशात दिसला की माणूस वाचणारा वाटतो. तेवढ्यात मशीनं दुरुस्त करणारा फिटरदादा शेजारी येऊन नोटीस मोठ्यानं वाचायला लागला. त्याला ही सवयच आहे. घरी हिलाही. बसच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, सगळं मोठ्यानं. बडबडी माणसं माझ्याच वाट्याला का येतात कळत नाही.
कार्डांची पद्धतही फिटरदादाचीच. रोलर बंद ठेवायचा तर खटक्यावर लाल कार्ड, चालवायचा तर हिरवं. सगळ्यांच्या सोयीसाठी म्हणे.

१९ मार्च, बुधवार
वाईट झालं. जेवून आलो, खटक्यावर हिरवं कार्ड होतं. दाबला. पलीकडे फिटरदादा आत हात घालून अडकलेली चादर सोडवत होता. उजव्या हाताची तीन बोटं गेली. त्याचा आवाज कानातून जात नाही. मी बाथरूममध्ये जाऊन खूप रडलो.
कार्डावर काहीतरी लिहिलेलं होतं. हिरव्या कार्डावर कोण लिहितं?

२२ मार्च, शनिवार
हॉस्पिटलात गेलो. दादा म्हणाला, लाल कार्डं संपली होती, म्हणून हिरव्यावरच मोठ्या अक्षरांत लिहिलं: रोलर चालू करू नका. आत माणूस आहे. तुला जेवताना सांगणार होतो, राहून गेलं. चूक माझीच. असं तो म्हणाला.
मी गप्प बसलो. पेशंटशी वाद घालू नये.

२९ मार्च, शनिवार
पोलिस लाँड्रीत आले. सगळ्यांसमोर विचारलं, कार्ड वाचलं होतंत का? वाचलं होतं, म्हणालो. टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या बायका समोर उभ्या, नाही कसं म्हणणार? जबाबाचा कागद पुढे केला. वाचणाऱ्याला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ त्याच्याकडे बघितलं, एकदा भुवया उंचावल्या आणि सही केली. सही माझी झोकदार आहे.

११ एप्रिल, शुक्रवार. दुपारी ३
निष्काळजीपणानं गंभीर दुखापत. माझ्यावर केस! वकीलबाई तरुण आहेत, पण ऐकून घेतात. त्यांना सगळी साखळी सांगितली. स्टोअरकीपरच्या साडूनं घर बदललं, सामान हलवायला स्टोअरकीपर रजेवर, म्हणून लाल कार्डं मागवायची राहिली. म्हणजे मूळ कारण साडू. साडूला समन्स काढा असं सुचवलं.
बाई म्हणाल्या, कायदा इतका लांब जात नाही. तो दोनच गोष्टी विचारतो. तुम्ही खटका दाबला नसता तर बोटं शाबूत राहिली असती का? राहिली असती. मग, आत माणूस आहे हे कळत असून दाबलात का? इथे मी खिडकीबाहेर बघितलं. बाईंनी टेबलावरचा एक कागद माझ्यापुढे सरकवला आणि पहिली ओळ वाचा म्हणाल्या. चष्मा घरी राहिला होता.
बाईंनी माझ्या वरच्या खिशाकडे बघितलं आणि कागद परत घेतला.

२ मे, शुक्रवार
बाईंनी तपासणीला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डिस्लेक्सिया. जन्मापासून आहे, बुद्धीशी संबंध नाही. मी म्हणालो, हे लहान मुलांना होतं, मी सेहेचाळीसचा आहे. त्या म्हणाल्या, तुम्हीही लहान होतात.
शाळेतला फळा आठवला. ही सोबत आली होती. हिनं आज बसची पाटी वाचली नाही, नुसता हात धरून बसमध्ये चढवलं.

१६ जून, सोमवार
वकीलबाईंचा प्लॅन पक्का. कोर्टात खरं सांगायचं. याला वाचता येत नाही, तो रंगावर चालतो, लाँड्रीनं लाल कार्डं ठेवली नाहीत. मग कारण लाँड्री, मी नाही. सुटलो! फिटरदादा आपणहून साक्ष द्यायला तयार आहे. मला फक्त एकदा 'येत नाही' म्हणायचंय. काय अवघड आहे? आरशासमोर म्हणायला उभा राहिलो. उद्या म्हणेन.
जोडीला कार्डावरची दोन वाक्यं पाठ करून ठेवली आहेत. उपयोग नाही, पण ऐनवेळी फजिती नको.

४ ऑगस्ट, सोमवार. संध्याकाळी ६
कोर्ट. आधी फिटरदादा. शपथ घेऊन सांगितलं, याला अक्षर वाचता येत नाही, चौदा वर्षं मी वाचून दाखवतोय, रंगीत कार्डं याच्यासाठीच काढली. भर कोर्टात! मागे टॉवेलवाल्या बायका. माझी कानशिलं तापली.
मग मी. सरकारी वकिलानं तेच हिरवं कार्ड हातात दिलं. वाचता येतं का, म्हणाला. मी चष्मा काढला, पुसला, नाकावर ठेवला. रोलर चालू करू नका. आत माणूस आहे. न अडखळता. मधे थांबलोसुद्धा, पूर्णविरामाला थांबतात तसा. इतकं सुंदर मी आयुष्यात वाचलेलं नाही.
सरकारी वकिलानं माझे आभार मानले. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. त्या मागाहून पाठांतर, रिपोर्ट असं बरंच बोलल्या, पण सरकारी वकील हसला. न्यायाधीशांनी दादाला विचारलं, शपथेवर खोटं बोलण्याची शिक्षा माहीत आहे का? दादानं माझ्याकडे बघितलं. वाक्यं त्यानंच मला सांगितली होती. मी चष्मा काढून पुन्हा पुसायला लागलो.

११ ऑगस्ट, सोमवार
लाँड्रीनं दादाला काढलं. खोट्या साक्षीचा माणूस नको म्हणे. त्याच्याकडे जाऊन माफी मागायची. उद्या.

२० ऑगस्ट, बुधवार
दादाकडे जायचं राहिलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार
वाचलं, कळलं, तरीही खटका दाबला, असं न्यायाधीश म्हणाले. दीड वर्ष. अपील करू, असं वकीलबाई म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता.
निकालाची प्रत हातात दिली. जाडजूड. सवयीनं शेजारी बघितलं. फिटरदादा नव्हता. मग हिच्यापुढे धरली.
ही म्हणाली, तुम्हाला येतं ना वाचता? वाचा.
चष्मा घरी राहिला, म्हणालो. तो नाकावरच होता.