तुझ्या म्हातारपणाची तरतूद

आई, गेल्या मंगळवारी मी तुझ्या लाडक्या लेकाला उसाचा रस पाजला. बर्फ न घालता, आलं-लिंबू घालून, एकच ग्लास. मी घेतला नाही. तूही मला असाच एक ग्लास पाजला होतास, कोर्टासमोरच्या रसवंतीवर, बाबा जाऊन तीन महिने झाले होते तेव्हा. तू स्वतः घेतला नव्हतास. मला वाटलं होतं, तू पैसे वाचवतेयस. आता कळतं की मनासारखं काम झालेल्या माणसाला तहान लागत नाही. मंगळवारी मलाही लागली नव्हती.

त्या दिवसाची गोष्ट तू केव्हाच विसरली असशील, मी नाही विसरले. बाबा सरकारी नोकरीत असताना गेले, म्हणून त्यांच्या जागी घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. मी एकवीस वर्षांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, मराठी आणि इंग्रजी दोन्ही टायपिंग पास. तो अठराचा, बारावीत एकदा गटांगळी खाऊन पुन्हा बसलेला. बाबांचे साहेब नाशिक रोडच्या आपल्या क्वार्टरवर भेटायला आले आणि चहा पिता पिता त्यांनी सरळ सांगितलं की मुलीचा अर्ज करा, ती उद्यासुद्धा रुजू होईल. तू पदर सावरून बरं म्हणालीस. ते गेल्यावर तू भाकरी थापायला बसलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "पोरीचा पगार सासरी जातो, पोराचा घरात राहतो. त्याला लागू दे नोकरी. तू माझ्यापाशी राहा. म्हातारपणी मला दुसरं कोण हाय?" मी विचारलं, मग माझं काय. "त्याची नोकरी लागली की तुझं बघू," म्हणालीस आणि भाकरी तव्यावर टाकलीस. त्रेचाळीस वर्षांची होतीस तू, आई. धडधाकट, डोक्यावर एक पांढरा केस नाही. आणि त्या चुलीपाशी बसून तू आपल्या म्हातारपणाची अख्खी तरतूद करून टाकलीस. एकाचा पगार आणि एकीचे हात. विमा विकणाऱ्यालाही इतकं चोख जमलं नसतं.

मग कोर्टाच्या आवारात माझ्याकडून ना हरकत लिहून घेतलंस. भावाला नोकरी मिळण्यास माझी काही हरकत नाही. टायपिंग करणारा म्हातारा कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाला, वाचून घे बाई. मी म्हटलं, आईने सांगितलंय म्हणजे बरोबरच असेल. सही केली. मला त्या कागदात एवढंच खटकलं होतं की त्याने माझ्या नावात वेलांटी चुकवली होती, मी असते तर चुकवली नसती. त्याची नोकरी लागली. पहिल्या पगारातून त्याने तुला पैठणी काठाची साडी आणली आणि मला प्रेशर कुकर. तू शेजारपाजारच्या चार बायकांना बोलावून तो कुकर दाखवलास. बघा, बहिणीला विसरला नाही पोरगा. माझं बघायचं मात्र राहूनच गेलं. स्थळं आली तेव्हा तुझे गुडघे दुखायला लागले, गुडघे बरे झाले तेव्हा स्थळं यायची थांबली. माझं लग्न झालंच नाही. म्हणजे मला नोकरी लागली असती तर माझा पगारही कुठल्याच सासरी गेला नसता, घरातच राहिला असता. हे तुला एकदा तोंडावर सांगायचं होतं.

तुझी ती तरतूद तुझ्या अपेक्षेपेक्षा लवकरच उपयोगी पडली. साठाव्या वर्षी तुला अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, वाचा गेल्यातच जमा. तो तेव्हा बदलीवर नागपूरला, बायकोमुलासह. मी एका पतसंस्थेत टायपिस्ट होते, पगार बेताचा पण माझा. ती नोकरी सोडली. त्यानंतर अकरा वर्षं, आई. दर दोन तासांनी तुझी कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, भांडं द्यायचं, पेज भरवायची, हनुवटीवर ओघळली की पुसायची. एकदा बिटको चौकात रिक्षा मिळेना म्हणून मला भाजी आणायला अर्धा तास उशीर झाला, तर तू डाव्या हाताने वाटी भिरकावलीस आणि तोंड वाकडं करून कसेबसे शब्द काढलेस, "मी... मेले... असते." तुला भेटायला येणाऱ्या बाया तुझ्या उशाशी बसून काय म्हणायच्या, ते तूही ऐकलं आहेस. लय नशीबवान आहात, मुलगा नागपूरहून दर महिन्याला पैसे पाठवतो. मी त्यांच्यासाठी आत चहा टाकत असायचे. तू त्यांच्यापुढे समाधानाने डोळे मिटायचीस. मामासमोर तू मान हलवून कबूल केलं होतंस की बाबांच्या फंडातून तू घेतलेला हा जेल रोडचा फ्लॅट माझ्या नावावर करशील. केला नाहीस. तू गेलीस आणि फ्लॅटला दोघांची नावं लागली. त्याला चौदा वर्षं झाली.

या भाऊबीजेला तो आला. तू त्याला ओळखलं नसतंस. निवृत्त होऊन गंगापूर रोडला मोठा फ्लॅट घेतलाय, पण बायको दोन वर्षांपूर्वी गेली, मुलगा कॅनडात, आणि उजवा हात सारखा थरथरतो. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलंय. मी ओवाळलं, त्याने ताटात पाकीट ठेवलं, करंजी खाल्ली आणि मग विषय काढला. जेल रोडचा फ्लॅट विकून टाकू, ताई, तू माझ्याकडे राहायला ये. जेवणाखाण्याचा, औषधपाण्याचा सगळा खर्च मी करीन, तुला काही बघावं लागणार नाही. मी त्रेसष्ट वर्षांची आहे, पेन्शन नाही, पाठीचे मणके तुला उचलून उचलून झिजलेत. आणि समोर बसलेला तुझा मुलगा, तू चुलीपाशी बसून केलेला तोच हिशेब मला नव्याने समजावून सांगत होता. त्याचा पैसा, माझे हात. त्याच्या आवाजात काही वाईट नव्हतं, त्याचाच मला जास्त संताप आला. मी म्हटलं, आधी फ्लॅट माझ्या नावावर करून दे, मग तुझं बघू. तू म्हणायचीस अगदी तसंच म्हटलं. तो लगेच हो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी मी त्र्यंबक रोडला एका वृद्धांच्या केंद्रात जाऊन आले. तिथल्या मॅडमनी खोली दाखवली, खिडकीतून टेकडी दिसते. मग समोर दरपत्रक ठेवलं. चालता-फिरता येतंय तोपर्यंत एक दर, अंथरुणाला खिळल्यावर दुसरा. त्या दुसऱ्या दराखाली एकेक काम छापलेलं होतं. अंघोळ घालणे. भरवणे. कूस बदलणे. डायपर बदलणे. जखमेची मलमपट्टी. प्रत्येक कामापुढे आकडा. मी ते वाचत राहिले तर मॅडमना वाटलं मला महाग वाटतंय, त्या म्हणाल्या, काकू, आम्ही यात काही जास्त लावत नाही, या कामाला माणसं टिकत नाहीत. मी म्हटलं, महाग नाही, अगदी बरोबर आहे. आणि दरपत्रकाच्या दोन प्रती मागून घेतल्या. हा फ्लॅट विकला तर माझी तिथली सगळी वर्षं निघतात, शेवटची अंथरुणातली धरून. अर्धाच मिळाला तर चालती-फिरती आहे तोवरची निघतात, पुढे कोणाच्या तरी दारात. माझ्यासाठी प्रश्न एवढाच होता, आई.

हक्कसोडपत्र मी स्वतः टाइप केलं. वकिलाने तपासून एक स्वल्पविरामसुद्धा बदलला नाही. आपल्याकडे हक्कसोड बहिणींनी द्यायचं असतं, भावाला, हसतमुखाने, साडीचोळीवर. मी ते भावाकडून घेतलं. रजिस्ट्रार ऑफिसात आमचा नंबर यायला दुपार झाली. त्याचा फोटो काढला, अंगठा घेतला. अंगठा थरथरत होता म्हणून क्लार्कने त्याचं मनगट धरलं. साहेबांनी विचारलं, कोणाचा दबाव नाही ना. तो हसून म्हणाला, बहीण आहे माझी, भाऊबीजेची ओवाळणी देतोय. मी म्हटलं, एकदा वाचून तरी घे. त्याने खिसा चाचपला, चष्मा गाडीत राहिला होता. "तू टाइप केलंयस ना, ताई, मग बरोबरच असेल," म्हणाला आणि वेड्यावाकड्या अक्षरांत सही केली. हा क्षण मी पंधरा दिवस मनात घोळवला होता. मला वाटलं होतं तेव्हा फार बरं वाटेल. वाटलंही, खोटं कशाला बोलू. बाहेर येऊन मी त्याला रस पाजला.

अर्धा ग्लास झाल्यावर मी त्याला सांगितलं की मी तुझ्याकडे येणार नाही, माझी खोली ठरलीय. तो ग्लास दोन्ही हातांत धरून उभा राहिला. "मग माझं कसं, ताई?" म्हणाला. मी पिशवीतून दरपत्रकाची दुसरी प्रत काढून त्याच्या हातात दिली. तुझं पेन्शन आहे, म्हटलं, तुला परवडेल, आणि तुझ्यासाठी कोणाला नोकरी सोडावी लागणार नाही. तो भांडेल, आईचं नाव काढेल, निदान रडेल, यासाठी मी तयार होऊन गेले होते. त्याने कागदाची घडी केली, खिशात घालायला दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमलं. मग म्हणाला, "तुझं बरोबर आहे. आईही माझ्यावर रागावूनच गेली. एकदासुद्धा फोनवर आली नाही." मी म्हटलं, तिला बोलता येत नव्हतं. "ऐकायला तर येत होतं ना," तो म्हणाला. रसवाल्याला पैसे त्यानेच दिले.

हे पत्र तुला पाठवायचा प्रश्नच नाही. त्याला पाठवता येईल, त्याचा पत्ता मला पाठ आहे, पण त्यालाही मी पाठवणार नाही. फ्लॅट माझा झाला, खोली ठरली, मला तुम्हा दोघांकडून काही नको. फक्त रविवारचं तेवढं राहिलंय. दर रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास हॉलमधला फोन वाजायचा आणि तू आतल्या पलंगावरून मान वळवायचीस. मी फोनवर म्हणायचे, झोपलीय ती, उठवत नाही. मग आत येऊन तुझी कूस बदलायचे. तू डाव्या हाताने हॉलकडे खूण करून विचारायचीस आणि मी सांगायचे, राँग नंबर होता. अकरा वर्षं दर रविवारी त्याच वेळेला राँग नंबर कसा लागेल, हे तुला कळत नसेल असं नाही. तू कधी वाटी भिरकावली नाहीस त्यावर. भिरकावून जाणार कुठे होतीस, मीच होते ना तुझ्यापाशी. तर आता सांगते, आई. फोन त्याचाच असायचा.