आपोआप बसणारी कडी

रविवार, १७ फेब्रुवारी

स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू, आजअखेर: फवारणीचे पंप दोन (पैकी एक चालतो). कॉफी भाजायचा फिरता डबा. तराजू, वीस किलोपर्यंत. तो दोनशे ग्रॅम कमी दाखवतो असं बायकोचं, रेम्पिनीचं, म्हणणं आहे, पण तिने तो कधी सपाट जागी ठेवलाच नाही. घरच्या देवळाच्या पायऱ्यांना कठडा (हलतो, भूकंपात हलणारंच टिकतं). आणि आज संध्याकाळी पुरं झालेलं साल्जूचं, म्हणजे आमच्या कुत्रीचं, घर.

सगळं आपलं आपण शिकून. एक दिवस कुणाकडे उमेदवारी केली नाही.

घराचा तपशील. पाईप जुन्या पंपांच्या चौकटींचे, वेल्डिंग माझं. जाळी माझी, इतकी बारीक की माणसाचं बोट जाणार नाही. जागा फाटकाला लागून, जाणाऱ्या-येणाऱ्याने बघावं म्हणून. आणि कडी. दार लोटलं की कडी स्वतःच्या वजनाने आपोआप बसते. उघडते फक्त बाहेरून, तीन हालचालींनी, ठरावीक क्रमाने. क्रम कुणाला सांगितलेला नाही. रेम्पिनीलाही नाही. ती बहिणीला सांगेल आणि बहीण बाजाराला.

रेम्पिनी त्याला पिंजरा म्हणते. तो निवास आहे.

गेल्या महिन्यात देनपसारचे टायरवाले पाक गुनाविर्य येऊन गेले. कुत्र्यांच्या क्लबचे चिटणीस. साल्जूला बघून म्हणाले, पांढरीशुभ्र, कानांची टोकं जर्दाळूच्या रंगाची, शेपूट पाठीवर पंख्यासारखी, अशी किंतामणी जातीची कुत्री या डोंगरात दहा वर्षांत झाली नाही. (मी पंधरा म्हणेन.) दीड कोटी रुपिया देऊ केले. नाकारले. त्याऐवजी ठरलं असं: ९ मार्चला त्यांच्या चॅम्पियनशी जोड, आणि पिल्लांच्या कागदावर 'पैदासकार' या रकान्यात माझं नाव. नंगाह तिर्का. छापील. पंप दुरुस्त करणाऱ्याचं नाव कुठे छापत नाहीत.

तोवर दुसरा कुठलाही कुत्रा तिच्या वाऱ्याला उभा राहता कामा नये. एवढंच काम. सोपं आहे.

सोमवार, २५ फेब्रुवारी

साल्जू माजावर आली. माझ्या हिशेबाबरहुकूम.

दुपारी कुंपणावर एक डोकं. शेजाऱ्याचा बेलोग. नावाचा अर्थच बावळट. काळा, अंगावर तपकिरी ठिपके, डावा कान मोडलेला, जात विचारायची सोय नाही. केतूत सुवेलाचा कुत्रा असाच असणार.

केतूत माझ्याशी वर्षभर धड बोलत नाही. कारण गेल्या न्येपीचं, नववर्षाच्या मौनदिवसाचं. चोवीस तास दिवा नाही, चूल नाही, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही, आवाज नाही, आणि याचा कुत्रा टाहो फोडतोय. वाडीच्या बैठकीत मी उभा राहिलो. नियम म्हणजे नियम, कुजबूजसुद्धा आवाजच, आजपासून तसं लिहून ठेवा, म्हणालो. तसं लिहिलं गेलं. केतूतला दहा किलो तांदूळ दंड. यंदा वाडीने न्येपीच्या गस्तीला त्यालाच नेमलंय. असो. नियम सगळ्यांना सारखा.

शुक्रवार, १ मार्च

कुंपण हातभर उंच केलं. बेलोग पलीकडे बसून काम बघत होता. मध्ये जांभई दिली.

रविवार, ३ मार्च

पहाटे उठून बघतो तर बेलोग आत, निवासाच्या दाराला पाठ लावून. कडीने मात्र इमान राखलं. दार जसंच्या तसं. साल्जू आत, जाळीला नाक लावून. तिची नजर मला आवडली नाही.

कॉफीच्या झाडाच्या फांदीवरून आला असणार. कुत्रा झाडावर चढतो हे मी मानत नाही, तरी फांदी तोडली. ती रेम्पिनीची नेमकी जास्त फळाची फांदी निघाली. तिचं म्हणणं, एका कुत्रीपायी उद्या छप्पर काढाल. मी समजावलं की छपराचा इथे संबंध नाही. जेवण स्वतः वाढून घेतलं.

निश्चय: ९ तारखेपर्यंत साल्जूला निवासातून काढायचं ते माझ्याच हाताने, माझ्याच दोरीने.

बुधवार, ६ मार्च

उद्या न्येपी. संध्याकाळी भुतं पळवायला गावभर डबे, थाळ्या, बांबूच्या तोफा. साल्जू इतकी थरथरली की घर वाजायला लागलं. तिला बाहेर घेऊन मांडीवर बसलो, दोन्ही कान तळहातांनी झाकले, मिरवणूक संपेपर्यंत. पाय बधिर झाले. घाबरलेल्या मादीचा माज बिघडतो म्हणून केलं. दुसरं काही नाही.

रेम्पिनीने उद्या उपवास आणि मौन धरलंय. मलाही विचारलं, बावीस वर्षं विचारतेय. मी म्हटलं, माझं लक्ष साल्जूवर लागणार. ती म्हणाली, ते दिसतंच आहे.

गुरुवार, ७ मार्च. न्येपी

सकाळी दहा. आज काम वर्ज्य. रोजनिशी लिहिणं हे काम नव्हे. त्याचे मला कुणी पैसे देत नाही. रेम्पिनी मागच्या खोलीत, आसनावर. रस्त्यावर पान हललेलं ऐकू येतं. साल्जूने खाल्लं नाही. आत जाऊन नाक गरम आहे का बघतो.

साडेदहा. नाक थंड. मी आत वाकलो, ती माझ्या काखेखालून बाहेर. दार मागे लोटलं गेलं. कडी बसली. काय मंजूळ आवाज झाला. पहिला विचार मनात आला तो हा की तेल बरोबर पडलंय.

दुसरा विचार थोड्या वेळाने आला.

पावणेअकरा. परिस्थिती. मी आत. कडी बाहेर. जाळीतून बोट जात नाही (वर नोंद आहेच). दाराला खांदा लावून बघितला, पाईप करकरला, लगेच थांबलो. हाक मारता येत नाही. कुजबुजता येत नाही. कुणी तो नियम लिहून घ्यायला लावला, हा आत्ता मुद्दा नाही.

घर कुत्रीला ऐसपैस आहे. माणसाला गुडघे हनुवटीला टेकवून.

साल्जू समोर बसून माझ्याकडे बघते आहे. डोळ्यांनी आत ये म्हणालो. तिने मान तिरकी केली.

अकरा. कुंपणावर मोडका कान.

सव्वाअकरा. बेलोग अंगणात. कुंपणावरूनच आला. म्हणजे फांदी उगाच तोडली. हे रेम्पिनीला सांगायची गरज नाही. मी हात उगारला, तो जाळीला आपटला. दात दाखवले. तो शेपूट हलवत जवळ आला, माझा वास घेतला आणि मला सोडून दिलं.

साल्जू निघून जाऊ शकते. अंगण मोठं आहे. जात नाही.

साधारण बारा. फाटकाच्या फटीतून काळ्या-पांढऱ्या चौकटींचं वस्त्र दिसलं. गस्त. केतूत. तो थांबला. पिंजऱ्यातल्या मला बघितलं. अंगणातल्या दोघांना बघितलं. पुन्हा मला. मी दोन्ही हातांनी खुणा केल्या: तुझा कुत्रा, ओढ, ने. त्याला कळलं, शंकाच नाही. त्याने ओठांवर बोट ठेवलं. आणि पुढे गेला.

परक्याच्या फाटकातून आत पाऊल टाकायचं नाही हाही नियमच. नियम म्हणजे नियम.

साडेबारा. जोड लागली आहे. माझ्यापासून दीड हातावर. मी डोळे मिटले. आवाज काढला नाही. इतकी शांतता मी जन्मात पाळलेली नाही.

एक. अजून लागलेलीच आहे.

तीन. बेलोग सावलीत घोरतोय. साल्जू त्याच्या पोटाला टेकून. रेम्पिनी पाण्याला बाहेर आली आणि मला बघून जागच्या जागी थबकली. मी तीन हालचाली हवेत करून दाखवल्या: दाब, उचल, फिरव. तिचे डोळे भरून आले. मी पुन्हा केल्या, हळू. तिने हात जोडले. मग नाइलाजाने क्रम या वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून जाळीला लावला. तिचा चष्मा आत. तिने पानाला नमस्कार केला, माझ्यासमोर एक फूल ठेवलं आणि मौनात परत गेली.

पान फाडून तोंडात टाकलं. गुपित ते गुपित. सकाळपासून पोटातही काही नव्हतं.

पाच. गार पडायला लागलंय. धुकं. दिवा नाही, पुढे लिहिता येणार नाही. साल्जू आत्ता जाळीला पाठ लावून बसली आहे. जाळीतून थोडी ऊब येते. जाळी बारीक केली ते बरंच झालं म्हणायचं. वारा कमी लागतो.

शुक्रवार, ८ मार्च

सकाळी मौन सुटलं. रेम्पिनीचा पहिला शब्द माझ्यासाठी. म्हणाली, "अहो, बावीस वर्षं वाट बघितली मी या दिवसाची. पण पिंजऱ्यात बसून तप कराल असं वाटलं नव्हतं." मी म्हटलं, आधी दार उघड. कानात क्रम सांगितला. उघडेना. तिचा हात हलका आहे. चार वेळा चुकली, मग म्हणाली, तुम्हाला तरी नक्की आठवतोय ना.

तेवढ्यात केतूत पहार घेऊन हजर. आज एकमेकांची क्षमा मागायचा दिवस. त्याने रीतीप्रमाणे हात जोडून माझी क्षमा मागितली, मी बसल्या जागेवरून दिली, मग त्याने पहार घातली. एका दणक्यात दार बिजागरीसकट गेलं. कडी शेवटपर्यंत सुटली नाही, याची नोंद असावी.

गावात दोन बातम्या फिरतायत. एक रेम्पिनीची, एक केतूतची. मी कुठलीच खोडून काढलेली नाही.

शनिवार, ९ मार्च

साल्जूला घेऊन देनपसार. चॅम्पियन देखणा आहे. तो जवळ आला, साल्जूने त्याच्या नाकाला दात लावले आणि माझ्या पायांमागे जाऊन बसली. तीन वेळा. पाक गुनाविर्यांनी कोरडेपणाने विचारलं, घरी काही झालं का. मी म्हटलं, न्येपी होती, काय होणार.

परतताना विचार केला. दुसऱ्या खेपेला चॅम्पियन निदान एक श्वास घेण्यापुरता तरी तिच्याजवळ होता. जातिवंत नराला एवढं पुरावं.

बुधवार, १० एप्रिल

पोट दिसायला लागलं. वडील चॅम्पियनच, याची तीन कारणं मी स्वतंत्र कागदावर मांडली. रेम्पिनीने ऐकून घेतली. मग साल्जूला उकडलेली अंडी घातली आणि म्हणाली, हिला विचारा. बेलोग फाटकाबाहेर बसून असतो. दगड मारला. मुद्दाम लांब.

गुरुवार, ९ मे

पहिलं पिल्लू सकाळी अडलं. साल्जू ओरडतही नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. न्येपीला बघत होती तशी, पण या वेळी आत जायला माझ्या हाताला जागा होती. दार नाही ते बरं. कोपरापर्यंत तेल लावून, कधी केलं नव्हतं ते केलं. रेम्पिनी म्हणाली माझे ओठ पांढरे पडले होते. उजेड कमी असेल.

पाच पिल्लं. साल्जू सुखरूप. हे आधी लिहायला हवं होतं.

रंग: काळा. पाचही. काळा रंग किंतामणीच्या मान्य रंगांत बसतो. पुस्तकात आहे. तपकिरी ठिपके दुधाबरोबर जातील.

रविवार, १६ जून

पाक गुनाविर्य आले. पिल्लं रांगेत उभी केली, म्हणजे केली होती. त्यांनी एकेकाला नजरेखालून घातलं. जन्मताना अडलेलं ते, रांगेत शेवटचं, त्याचा डावा कान मोडलेला. त्याच वेळी बेलोगने फाटकातून डोकं घातलं. पाक गुनाविर्य त्याच्याकडे बघत राहिले, मग पिल्लाकडे, मग माझ्याकडे. कॉफी पुरी प्यायले. चांगली भाजली आहे म्हणाले. 'पैदासकार'चा कागद बॅगेतून काढलाच नाही.

ते मोडक्या कानाचं पिल्लू दिवसभर माझ्या हत्यारांच्या पेटीत बसतं. दहा नंबरचा पाना तोंडातून सोडत नाही. नाव ठेवलेलं नाही. पाना म्हणतो ते हाक मारायच्या सोयीसाठी.

शनिवार, २२ जून

केतूत आला. खांद्यावर तांदळाची पिशवी. पायरीवर ठेवली आणि उभाच राहिला.

"दादा, गेल्या वर्षी तुमच्यापायी दहा किलो भरले मी. हे आणखी दहा, तुम्हाला. ते मोडक्या कानाचं तेवढं द्या. बेलोग म्हातारा झालाय. त्याचं काहीतरी घरात राहू दे."

रेम्पिनी आतून हो म्हणूनही मोकळी झाली. मी म्हटलं, बाकीच्या चारांतलं कुठलंही फुकट ने, दोन ने. तो म्हणाला, नाही, तेच. मग मी म्हटलं, व्यवहार तो व्यवहार, आधी मोजू. पाना माझ्या पावलावर झोपलेलं असल्यामुळे तराजूपर्यंत जायला जरा वेळ लागला.

दोनदा मोजलं. केतूत म्हणाला, पिशवी दुकानातून शिवलेली आणली आहे. रेम्पिनी हसायला लागली, हा तराजू पहिल्या दिवसापासून तेवढंच खातो म्हणाली. मी दोघांना शांतपणे सांगितलं की तराजू मी स्वतःच्या हाताने केलेला आहे, आणि मापात कमी देणाऱ्याशी मी व्यवहार करत नाही. पिल्लाचा यात काही संबंध नाही.

देऊ केले आणि नाकारले: तांदूळ, नऊ किलो आठशे ग्रॅम.