मालिकेत आमच्या टिटवीचा हात

२ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू हळू बोलतेस म्हणतेस आणि अख्खी गल्ली ऐकते. शिवाय बाबा शेजारच्याच खोलीत. म्हणून पत्र. पुढच्या आठवड्यापासून टीव्हीवर नवी मालिका लागतेय: एक मुलगी, तिचं व्हायोलिन आणि तिला वाजवू न देणारे सतरा नातेवाईक. आठवड्यातून दोनदा, एकूण बावन्न भाग. तर आत्या, त्या मालिकेत माझा हात आहे! बाकी बघशीलच.

बाबांना एवढ्यात सांगू नकोस. आमचा करार तुला ठाऊक आहे. जुलैअखेर व्हायोलिनवर पक्कं काम मिळालं नाही, तर मुकाट परत यायचं आणि त्यांच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायचं. मालिका चालली तर निदान सहा महिने घोर नाही.

बाकी ठीक. घरमालकीण म्हणते, मी वाजवते तेव्हा तिचं कुत्रं जेवत नाही. म्हणून रियाज कपाटात तोंड घालून चालतो.

लोभ आहेच. तो वाढव, आवाज मात्र कमी ठेव.

तुझी,
टिटवी

२२ जून

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

चार भाग डोळ्यांत तेल घालून पाहिले. तू कुठेच दिसेनास, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला: पोरगी पडद्याआडून सूत्रं हलवतेय! मालिकेत हात आहे म्हणजे गोष्ट तुझ्याच हातात की गं. बातमी पोटात ठेवायचा खूप प्रयत्न केला, पण माझं पोट तुला माहीत आहे.

गल्लीतून अर्ज आले आहेत. वरच्या शिंपीणबाई म्हणतात, नायिकेच्या त्या काकाला लवकर जिन्यावरून घसरव. दातांचे डॉक्टर म्हणतात, घसरव, पण तोंडावर नको. माझं एवढंच मागणं, थोरल्या जावेला थोडी माणुसकी दे. आणि ती पोरगी व्हायोलिन घेतलं की मान खाली घालून गदागदा रडते कशाला? वाजवायचं तर वाजव म्हणावं.

दादासमोर मी चकार शब्द काढलेला नाही. गल्लीने काढला असेल तर माझा नाइलाज आहे. तो मालिका बघत नाही, मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासत बसतो. मात्र टीव्हीवर व्हायोलिन सुरू झालं की त्याचं मशीन थांबतं. विचारलं तर म्हणाला, मशीन तापतं.

लोभ असू दे आणि काकाचं काय ते उलट टपाली कळव.

तुझी,
आत्या

३० जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून कपाळ बडवून घेतलं. अगं, हात म्हणजे हात! मनगट, पंजा, पाच बोटं. नायिकेला व्हायोलिन कुठून धरायचं तेही येत नाही. ती स्वतःचे हात पाठीमागे बांधते, मी तिच्यामागे वाकून तिच्या काखेखालून माझे हात पुढे काढते आणि वाजवते. तिला भयंकर गुदगुल्या होतात. ती गदागदा हसते. दिग्दर्शकाला ते रडणं वाटलं आणि इतकं आवडलं, की आता दर भागात ठेवलंय.

वाईट बातमी पुढे आहे. मालिका दहाव्या भागातच गुंडाळताहेत. बघणारी बहुतेक आपली गल्लीच होती. काकाला मारायलाही वेळ नाही, तो परगावी गेला म्हणून उरकणार. नायिकेने दुसरं काम धरलं, त्यामुळे शेवटच्या मैफलीत नुसते माझे हात दाखवतील.

मी चार ठिकाणी काम विचारून आले, सगळ्यांनी नन्नाचा पाढा वाचला. म्हणजे जुलैअखेर मी काउंटरवर. आत्या, मला यायचं नाहीये. तुमच्याकडे यायचं नाही असं नव्हे, वाजवणं सोडून यायचं नाही. पण बाबांना शब्द दिलाय, तो मोडणार नाही. तू त्यांना काही सांगू नकोस. या वेळी खरंच नको सांगूस.

लोभ आहेच, या खेपेला जरा जास्त लागेल.

तुझी,
टिटवी

१४ जुलै

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

मी आजवर डोळ्यांचे नंबर सोडून फारसं काही लिहिलेलं नाही. सांभाळून घे.

तुझं पत्र आत्याने माझ्या मशीनवर विसरल्यासारखं ठेवलं आणि मी ते न वाचल्यासारखं वाचलं. हात तुझे आहेत हे मला पहिल्याच भागात कळलं होतं. मागच्या खोलीच्या दारातून टीव्ही चांगला दिसतो. डावी करंगळी अशी आत वळते, ती माझ्या आईची, मग माझी आणि नंतर तुझी.

शेवटचा भाग मी बाहेर खुर्ची टाकून बघितला. गल्ली जमली होती. काका परगावी गेला म्हटल्यावर शिंपीणबाई फार चिडल्या. नंतर सात मिनिटं नुसते तुझे हात होते. कोणी बोललं नाही. तुझी आत्यासुद्धा नाही. टिटवी हे नाव मीच ठेवलं होतं, तुझं वाजवणं ऐकून. तेव्हा ते बरोबर होतं. आता मला त्याची लाज वाटते.

आता कामाचं. जुलैअखेर तू काउंटरवर बसायचं ठरलं होतं. ते जमणार नाही. परवापासून तिथे तुझ्या आत्याला बसवलं आहे. ती गिऱ्हाइकाला चष्म्याआधी सल्ला देते, दोघं तसेच परत गेले. पण बहीण आहे, काढता येत नाही. काउंटरमागे खुर्ची एकच मावते. तेव्हा दुकानात तुझ्यासाठी जागा नाही. करार मी मोडला, तू नाही. तिथेच राहा आणि वाजव.

लोभ आहे. तो शेवटी लिहायचा असतो असं आत्या म्हणाली, नाहीतर लिहायचं राहूनच गेलं असतं.

तुझे,
बाबा