दाखला कोणाच्या नावावर

टेमघर, भिवंडी
२६ मे २०२५

चि. धनेश यास,
सप्रेम जयभीम. आशीर्वाद नेहमीचेच, या खेपेला थोडे आखडते.

भाऊ फोनवर भांडले तर फोन ठेवायचा आणि कागद घ्यायचा, आलेलं पत्र सगळ्या घरासमोर मोठ्यानं वाचायचं आणि मगच उत्तर द्यायचं, ही आपल्या आबांची शिस्त. चाळिशीत अक्षर शिकलेल्या लूम कामगारानं घालून दिलेली आहे, मोडायची नाही. तेव्हा हे पत्र तुझ्या लेकीकडून, धम्मदिनेकडून वाचून घे. तिचा आवाज तुझ्यापेक्षा स्वच्छ आहे आणि विषयही तिचाच आहे.

इथल्या पूर्णा गावातल्या गोदामातून कंपनीनं तुला अहमदाबादेजवळ मॅनेजर करून नेलं, क्वार्टर दिलं, ठीक. मुलीची अकरावी-बारावी तिथेच करणार म्हणतोस. मी तिच्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला काढून कुरिअर करावा, असा हुकूमही आहे. दाखला काढला. तो माझ्या कपाटात आहे आणि तिथेच राहील.

त्या शाळेची चकचकीत पुस्तिका पाहिली. घोड्यावर बसलेलं पोर, पोहणारं पोर, केक कापणारं पोर. पुस्तक उघडलेलं एकही पोर त्यांना फोटोला सापडलं नाही. तू ती पुस्तिका वाचलीस, मेडिकल प्रवेशाची नाही. गोदामात एक खोकं चुकीच्या रॅकवर गेलं तर तू तिघांना फैलावर घेतोस. इथे स्वतःची मुलगी चुकीच्या रॅकवर ठेवतोयस आणि वर पेढे वाटतोयस.

तिला डॉक्टर व्हायचंय. महाराष्ट्राच्या कोट्यातल्या जागेला दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. जन्म भिवंडीचा आणि डोमिसाईल आपलं, हे तुझं पालुपद तिथे पुरत नाही. गुजरातच्या कोट्यात तू उपरा, आपलं जातीचं प्रमाणपत्र त्यांच्या राज्याच्या जागांना चालत नाही. उरल्या देशभराच्या मोजक्या जागा, आणि खासगीतल्या, जिथली फी ऐकून तुझी मॅनेजरकी खाली बसेल. इथे राखीव जागेतून लागली तर शिकवणीची फी सरकार भरतं.

केसरीनाथ पाटलाचा विशाल आठव. राजस्थानात क्लासला गेला, बारावीही तिथूनच दिली. मार्क उत्तम. कागद तपासणाऱ्या बाईनं बोर्डाचं नाव पाहिलं आणि फाईल परत सरकवली. आज तो बापाच्या गाळ्यात ट्रकच्या पावत्या फाडतो, आणि बाप सांगत फिरतो की पोराला धंद्याची आवड आहे.

लोभ आहेच. तो वाढावा असं काही करून दाखव.

तुझा,
बुद्धभूषण


अहमदाबाद
४ जून २०२५

ती. दादा यांस,
सविनय जयभीम.

पत्र धम्मदिनेनंच वाचलं. रॅकच्या ओळीला तिची आई विनिता हसली. मी नाही.

दादा, भाषण करणाऱ्याला भाषण आठवत नाही, ऐकणाऱ्याला आठवतं. टेमघरच्या विहारात जयंतीच्या दिवशी तुम्ही गरजला होतात की आपल्या माणसाला जागा सोडता आली त्या दिवशी तो माणूस झाला, आणि जो जन्मगावाला चिकटून बसतो तो फक्त मालकाची सोय बघतो. मी तेव्हा हमाली करत होतो. पहिल्या रांगेत होतो. लोक टाळ्या वाजवून जेवायला गेले. ते खरं मानणारा मी एकटाच निघालो.

आज माझ्या केबिनच्या दारावर माझं नाव आहे. आबांना फोरमननं आयुष्यात कधी नावानं हाक मारली नाही. आणि तीस वर्षं त्याच घरात, त्याच खुर्चीत बसून जगाला हलायला सांगणारे तुम्ही, मी हललो तर कपाटाला कुलूप लावता. शाळेत मास्तर होतात, घरातही मास्तरच राहिलात. एका विशालची गोष्ट सांगून मला घाबरवू नका. इथले शाळावाले म्हणतात, सगळं होतं.

१६ जूनला शाळेला मूळ दाखला हवाय. माझ्यासाठी नको, स्वतःच्या शब्दासाठी पाठवा.

माया असू द्या, भाषण तेवढं आवरा.

आपला,
धनेश


टेमघर, भिवंडी
९ जून २०२५

चि. धम्मदिना हिस,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

सोबत दाखला आहे. पाकिटावर तुझं नाव मुद्दाम घातलं. दाखल्यावर नाव तुझं आहे. माझं नाही, तुझ्या बापाचंही नाही.

मी एकटा राहतो, तरी शिस्त म्हणून त्याचं पत्र मोठ्यानं वाचलं. शेजारच्या मैनाबाई खिडकीशी उभ्या होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं की हाय का हे खरं. मी म्हटलं, हाय.

जागा सोडा, हे मी सांगितलं होतं. जाताना कोणते कागद बघायचे, हे सांगितलं नाही, कारण त्याला टाळ्या पडत नाहीत. आम्हा वक्त्यांची ही लबाडी जुनी आहे. माझा बाकी सगळा तिरस्कार आज मी स्वतःसाठी राखून ठेवलाय. तो पुरून उरेल.

मूळ दाखला एकच असतो. ज्या कॉलेजात जमा करशील तिथे बारावी. इथला अकरावीचा अर्ज ऑनलाइन असतो, तिथे बसून भरता येतो. नियम मी सांगितले तसेच आहेत, पण माझ्यावरही विश्वास ठेवू नकोस, स्वतः वाच. मग ठरव.

तुझे,
मोठे बाबा


अहमदाबाद
१ जुलै २०२५

ती. मोठे बाबा यांस,
सविनय जयभीम. हे पत्र मैनाकाकूंना घरात बोलावून वाचा, खिडकीतून अर्धवट ऐकू येतं.

तुमची आणि बाबांची पत्रं इथे मीच वाचत होते. दोघांनी मिळून घोडा, रॅक, जयंती, फोरमन सगळं काढलंत. धम्मदिने, तुझं काय म्हणणं आहे, एवढ्या एका ओळीला कुणाची शाई पुरली नाही. एकानं मला सामानात बांधलं, दुसऱ्यानं कपाटात ठेवलं. दोघेही माझ्याच भल्यासाठी.

दाखला आला तो मी बाबांना दिला नाही. त्यांनाच घेऊन शाळेत गेले आणि मुख्याध्यापकांना विचारलं की इथून बारावी केली तर महाराष्ट्राच्या कोट्यात मला जागा आहे का. त्यांनी तीच घोड्याची पुस्तिका पुढे केली. मग बाबांनी विचारलं. साहेब म्हणाले की तो आमचा विभाग नाही. गोदामात हे वाक्य बोलणाऱ्याला बाबा त्याच दिवशी घरी पाठवतात. बाहेर येऊन त्यांनी गाडी चालू केली आणि बराच वेळ हलवलीच नाही. मग म्हणाले की नोकरी सोडू, सगळेच परत जाऊ. मी सरळ नाही म्हटलं. तुमचं भाषण ऐकून आपल्या घरातलं एक माणूस खरंच हललंय, त्याच्या दारावरचं नाव माझ्यासाठी उतरायचं नाही. आई त्यांच्याजवळ राहील.

भिवंडीचं कॉलेज पहिल्या यादीत लागलं, सायन्स. रविवारी पोचते. दोन वर्षं तुमची आतली खोली माझी. भाषणाची तालीम गच्चीवर. कपाटाची किल्ली माझ्याकडे राहील.

बाबा सोडायला येतायत. त्यांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय की दादाचं बरोबर होतं म्हणून येत नाही, पोरीची बॅग जड आहे म्हणून येतोय.

बॅगेत चार ड्रेस आणि एक दाखला आहे.

माया दोघांनीही करावी, आधी एकमेकांवर.

तुमची,
धम्मदिना