जुने गुडघे घेऊन या

२ फेब्रुवारी, रविवार

काल सांगलीत पुस्तक प्रकाशित झालं. ‘सूत्रांनी सांगितलं म्हणून’. लेखक : मल्हार बंडगर. म्हणजे मी. खोट्या बातम्यांचा महाराष्ट्रातला बहुधा पहिलाच संग्रह. (खात्री करायची राहिली.) प्रमुख पाहुण्यांना ऐन वेळी ताप आला. हॉल रिकामा वाटला, कारण हॉलच मोठा होता.

संकल्प : वाचकांचे अभिप्राय या डायरीत जसेच्या तसे लिहायचे. कुणालाही आपणहून ‘वाचलं का?’ असं विचारायचं नाही. लेखकानं अलिप्त असावं.

३ फेब्रुवारी, सोमवार

स्टाफरूममध्ये सगळ्यांना विचारलं. संकल्प उद्यापासून.

इंग्रजीचे सर म्हणाले, मुखपृष्ठ छान आहे. मुखपृष्ठ तर आतल्या मजकुरावरूनच सुचतं, त्यामुळे हा अभिप्राय मजकुरालाही लागू.

भूगोलाच्या मॅडमनी विचारलं, म्हसवडला समुद्रकिनारा खरंच मंजूर झालाय का? त्या बातमीत माणदेशातल्या मेंढ्यांना लाईफ जॅकेट वाटल्याचं लिहिलंय. तरी शंका! भूगोल शिकवतात.

मात्र यातून सिद्ध काय होतं? माझी शैली अस्सल आहे. प्रत्येक बातमीला गाव, तारीख, वार्ताहर, सगळं आहे. छापखानेवाला म्हणत होता, प्रत्येक पानाखाली ‘बातमी काल्पनिक आहे’ अशी ओळ टाकू. मी ठाम नकार दिला. वाचक सुज्ञ असतो.

४ फेब्रुवारी

उत्कर्षानं (पत्नी) अखेर पुस्तक वाचलं. तिचं मेडिकल स्टोअर आहे, गिऱ्हाईक नसताना वाचते. अभिप्राय : ती गुडघ्यांची बातमी नको होती, कुणीतरी खरी मानेल.

ती या संग्रहातली सर्वोत्तम बातमी आहे. ‘मिरज, दि. १ (आमच्या खास वार्ताहराकडून) : जुना फ्रिज द्या, नवा न्या, या धर्तीवर येथील एका दवाखान्याने जुने गुडघे घेऊन नवे बसवून देण्याची एक्सचेंज ऑफर जाहीर केली आहे. मेंढरांमागे झिजलेल्या गुडघ्यांना खास प्राधान्य. कंपनीचा ओरिजिनल पार्ट असल्याने मोठी मागणी. येताना गुडघे सोबत आणावेत.’

‘येताना गुडघे सोबत आणावेत’ हे वाक्य सुचलं तेव्हा मी एकटाच खोलीत टाळी वाजवली होती. उत्कर्षाला हसू आलं नाही. दिवसभर औषधं विकून माणसाची विनोदबुद्धी जात असावी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा दिवस सोन्याचा! रंगुआत्याचा फोन आला. वडिलांची थोरली बहीण. म्हसवडच्या अलीकडे आमचं गाव आहे, तिथं असते. उभं आयुष्य मेंढरांमागं चालली, दर साली कोकणापर्यंत जाऊन परत. आत्याला अक्षर येत नाही. सून अपेक्षा संध्याकाळी तिला माझं पुस्तक वाचून दाखवते.

अभिप्राय, शब्दशः : “मल्हारी, लय उपेगाचं पुस्तक हाय बग. येक बी गोष्ट वाया जायाची न्हाई.”

उपयोगाचं! समीक्षकांना हा शब्द सुचला नसता. मी विचारलं, सगळ्यात काय आवडलं? म्हणाली, गुडघ्याचं. ते तिनं अपेक्षाकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलंय.

मग तिनं मोठ्या गमतीनं विनोद पुढे चालवला. त्यो दवाखाना ठेसनाजवळ हाय व्हय? मी म्हणालो, अगदी जवळ. म्हाताऱ्यांस्नी आदी घेत्यात का? म्हणालो, म्हाताऱ्यांना आधी. कागूद काय लागत्यात? मी म्हणालो, काही नाही, फक्त गुडघे आण! खूप हसलो. तीही हसली असावी. रेंज नव्हती.

निरक्षर बाईला उपरोध कळतो आणि भूगोलाच्या मॅडमना कळत नाही. हे भाषणात वापरायचं.

९ फेब्रुवारी, रविवार

गुडघ्यांच्या बातमीचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतोय. नातेवाइकांच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, फलटणच्या साडूंच्या ऊस-बागायतदार ग्रुपवर. पण फोटो असा कापलाय की पुस्तकाचं नाव नाही, माझंही नाही! ही चोरी आहे. सगळ्या ग्रुपवर लिहिलं : ‘सदर बातमी माझी आहे. खात्रीसाठी संपर्क साधावा.’ खाली मोबाईल नंबर.

१० फेब्रुवारी

फोन थांबत नाहीत. फलटणहून एक निवृत्त सुभेदार बोलले, माजी सैनिकांना वेगळी रांग आहे का? एक बाई म्हणाल्या, डावा गुडघा चांगला आहे, उजवा तेवढा बदलून मिळेल का? वाचक किती तल्लीन होतात! मी सगळ्यांना सांगितलं, पुस्तक घ्या, सविस्तर माहिती आहे.

उत्कर्षा म्हणाली, ग्रुपवर खुलासा टाक, आत्ताच्या आत्ता. मी म्हणालो, विनोद समजावून सांगितला की मरतो. ती म्हणाली, मरू दे.

ठीक आहे. उद्या खुलासा टाकायचा.

१२ फेब्रुवारी

खुलासा लिहायला बसलो. त्याचा ‘उपरोध’ या विषयावर दीर्घ लेख झाला. चांगला झालाय. दुसऱ्या आवृत्तीला प्रस्तावना म्हणून राखून ठेवला. खुलासा उद्या.

१३ फेब्रुवारी

पुरस्कारासाठी पुस्तक पाठवलं. खुलासा राहिला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

हे लिहावं की नको, कळत नाही. लिहितो.

शाळा सुटताना अपेक्षाचा फोन आला. भावजी, आमी मिरजंला आलोय. सासूबाई हायत, शेजारच्या मनुबाई हायत. दवाखाना काय घावंना, एका हाडांच्या दवाखान्यात आलोय तर इथली लोकं हसाय लागल्यात. तुमी या.

स्कूटर काढली. वाटेत मनात संवाद जुळवत होतो, प्रसंग हलका कसा करायचा वगैरे. पोचलो तर दवाखान्याच्या पायऱ्यांवर आत्या बसलेली. ठेवणीतलं हिरवं लुगडं. शेजारी मनुबाई, तिच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं. वॉचमनच्या हातात मोबाईल होता आणि तो जमलेल्या लोकांना माझी बातमी मोठ्यानं वाचून दाखवत होता. ‘येताना गुडघे सोबत आणावेत’ आलं आणि सगळे खो खो हसले.

माझ्या वाक्याला लोक एवढे हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी उसाच्या रसाच्या गाड्याआड उभा होतो. गाडेवाल्यानं विचारलं म्हणून रसही घेतला.

डॉक्टर बाहेर आले. वयस्कर, शांत माणूस. आत्याला म्हणाले, आजी, असं काही नसतं हो. कुठल्यातरी नालायकानं खोटं छापलंय. रोज कोणीतरी येतंय आमच्याकडे.

आत्या भिंतीला धरून उठली. तिला उठायला लागलेला वेळ मला तिथूनही दिसला. म्हणाली, “आवं डॉक्टरसायेब, नालायक म्हनू नगा. माजा भाचा हाय त्यो. मास्तर हाय सांगलीत. त्यो खोटं लिवायचा न्हाई. यष्टी फुकाट केली न्हवं म्हाताऱ्यांस्नी? तवाबी कुनाला खरं वाटत न्हवतं.”

मी तेव्हा पुढे जायला हवं होतं. गेलो नाही. माझ्या हातात रसाचा ग्लास होता, हे काही कारण नाही.

शेवटी अपेक्षानंच पाहिलं आणि हाक मारली. आत्याचा चेहरा असा उजळला, की तो अजून डोळ्यांसमोरून जात नाही. माझा हात धरून तिनं सगळ्यांना सांगितलं, ह्योच त्यो! इचारा आता ह्याला!

वॉचमननं मोबाईल खिशात घातला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, वाचलं मी. भाषा चांगली आहे तुमची.

मग म्हणाले, आलाच आहात तर दोघींचे गुडघे बघून घेतो. आत नेलं, नीट तपासलं. आत्याचे दोन्ही गुडघे पार गेलेत. ऑपरेशन लागेल, त्याची खरी योजना काय असते ते अपेक्षाला समजावून सांगितलं. मी मागे उभा होतो. मला कुणी बसायला सांगितलं नाही.

स्कूटर तिथंच ठेवली. सगळ्यांना सांगलीला घरी आणताना रिक्षात सांगितलं. आत्या, ते खरं नव्हतं. विनोद होता.

“मंजी?”

म्हणजे लोकांनी हसावं म्हणून लिहिलं होतं.

ती बाहेर बघत राहिली. मग अगदी साधेपणानं, खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, “आमी चालतो तवा हसू येतंय व्हय रं?”

मनुबाईनं गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं. रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

उत्कर्षानं दोघींच्या गुडघ्यांना तेल लावलं, शेकलं, औषधं बांधून दिली.

सगळ्या ग्रुपवर खुलासा टाकला. ‘बातमी खोटी आहे. मी लिहिली. कुणीही मिरजेला जाऊ नये. चुकलो.’ त्याला हसण्याच्या स्मायल्या आल्या. साडूंनी लिहिलं, एक नंबर! हाही जोक भारी.

१९ फेब्रुवारी

सुट्टी. अपेक्षाला फोन केला. गावात लोकांनी विचारलं, काय झालं मिरजंला? आत्यानं सगळ्यांना सांगितलं, ऑफर संपली हुती, आमालाच उशीर झाला.

आत्या कधी खोटं बोललेली मला आठवत नाही. आता गावातली अर्धी म्हातारी माणसं पुढची ऑफर कधी निघते म्हणून विचारत आहेत. आणि सगळे म्हणतायत, मास्तरला आधी कळतंय, मास्तरला धरा.

योजना : स्वतः गावी जायचं, सगळ्यांना तोंडावर सांगायचं. मुद्देसूद. लाजायचं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

गावाहून परत आलो.

आत्याच्या दारात लोक जमले. बरेच जण काठी टेकत आले. काय बोलायचं ते पाठ करून नेलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. म्हणालो, दवाखान्याचं मी खोटं लिहिलं. आत्या उशिरा गेली नव्हती. तिथं काही नव्हतंच. ती मला सांभाळून घेत होती.

सगळे आत्याकडे बघायला लागले. ती पदराशी चाळा करत बसली.

कोंडीबा म्हणून वडिलांच्या बरोबरीचे गृहस्थ आहेत. त्यांनी विचारलं, मग लिवलंस कशाला? मी म्हणालो, हसायला. ते म्हणाले, वाच बरं.

तेव्हा मी वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, त्या सगळ्या गुडघ्यांसमोर. आवाज बारीक होत गेला. ‘येताना गुडघे सोबत आणावेत’ हे वाक्य गाळणार होतो, पण अपेक्षाला पाठ होतं, तिनं आठवण करून दिली. वाचलं.

कुणीही हसलं नाही. कोंडीबांनी विचारलं,

“मंजी मिरजंला जायाचं न्हाई, येवडंच न्हवं?”

होय, म्हणालो.

“मग येवडंच लिवायचं की रं गड्या. येवडा कागूद कशाला नासला?”

लोक उठले. एकमेकांना हात देत, गुडघ्यांवर हात टेकत, हळूहळू गेले. मी पुस्तक बंद केलं आणि कुठं ठेवावं ते कळेना, म्हणून मांडीखाली घेतलं.

आत्यानं आतून ताट आणून पुढ्यात ठेवलं. म्हणाली, जेव. लांबनं आलायस.

जेवलो.